‘लोकांना चालणार नाही’ म्हणणारे लोक

भाड्यानं खोली शोधणाऱ्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) बाईला शिवी देऊन हाकलणारा घरमालक असतोच, पण त्याहून जास्त वेळा नकार येतो तो अगदी सौजन्यानं. फोनवरचा आवाज ऐकून समोरचा क्षणभर गप्प होतो. खोली बघायला गेल्यावर तो खाली गेटपाशीच भेटतो, वर नेत नाही. म्हणतो, ‘‘माझं काही नाही हो ताई, आम्ही तसल्या विचारांचे नाही. पण बिल्डिंगमध्ये बायका-मुलं आहेत, उद्या कुणी काही बोललं तर मलाच ऐकून घ्यावं लागणार.’’ सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावं तर त्याचीही व्यक्तिशः हरकत नसते, कमिटीत विषय निघेल एवढीच त्याला काळजी. आणि कमिटीतल्या सभासदांना एकेकटं गाठलं तर तेही हेच सांगतात: आपल्याला काय करायचंय, पण लोकांना चालणार नाही.

मग हे लोक कोण?

तृतीयपंथी आणि पारलिंगी माणसांना उघड द्वेष, मारहाण, रस्त्यावरची टवाळी आजही सोसावी लागते. ते कमी लेखायचं कारण नाही. पण त्यांचं रोजचं जगणं ज्यानं अडतं तो भेदभाव बहुतेक वेळा असा दुसऱ्याच्या नावावर केलेला असतो. नकार देणारा स्वतः नामानिराळा राहतो आणि हरकत कुणा तिसऱ्याच्या खात्यावर टाकतो. त्यामुळेच ‘समाजाची मानसिकता बदलली पाहिजे’ हे आपलं आवडतं वाक्य मला पुरेसं वाटत नाही. कुणालाही विचारा, त्याची स्वतःची मानसिकता कधीच बदललेली असते. बदलायची राहिली आहे ती शेजाऱ्याची. मानसिकता बदलायची वाट बघत बसण्यापेक्षा, ज्याच्या हातात दार आहे त्याला ते बंद केल्याबद्दल जाब विचारायची सोय हवी, आणि ती आपल्याकडे फार तोकडी आहे.

शाळेचं उदाहरण घ्या. एका पारलिंगी शिक्षिकेला उत्तर प्रदेशातल्या एका खासगी शाळेनं नेमलं आणि काही दिवसांतच काढलं. पुढे गुजरातमधल्या एका शाळेनं तिला नेमणूक देऊ केली, पण ती पारलिंगी आहे हे कळल्यावर रुजूच करून घेतलं नाही. दोन्ही ठिकाणी निवड झाली होती ती शिक्षण आणि पात्रता बघून, म्हणजे शिकवायला माणूस हवा होता आणि तो मिळालाही होता. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५मध्ये तिला भरपाई द्यायचा आदेश दिला, पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९चा कायदा होऊनही केंद्र आणि राज्य सरकारं स्वस्थ बसून राहिली यावर कडक ताशेरे ओढले आणि समान संधीचं धोरण आखण्यासाठी एका निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. न्याय मिळाला, पण एका नोकरीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणं किती जणींना जमणार आहे?

दवाखान्यात तर अडचण केसपेपरच्या खिडकीवरच सुरू होते. आतला माणूस नाव विचारतो, वर बघतो, पुन्हा कागदाकडे बघतो आणि शेजारच्याला हळूच विचारतो, ‘‘काय लिहू?’’ मागे रांग असते, रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा आता एकाच ठिकाणी लागलेल्या असतात. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या बाईला तिचं पोट सोडून बाकी सगळं विचारलं जातं. भरती करायची वेळ आली की पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं तर रात्री तिची सुरक्षितता कोण बघणार, आणि बायकांच्या वॉर्डात ठेवलं तर ‘इतर पेशंटचे नातेवाईक ओरडतील’. नातेवाईकांना कुणी विचारलेलं नसतं. त्यांच्या वतीनं आधीच निर्णय झालेला असतो आणि खाट व्हरांड्यात लागते. या अनुभवानंतर ताप अंगावर काढणारी माणसं अडाणी नसतात, त्यांनी हिशेब करून ठरवलेलं असतं की तापापेक्षा ही खिडकी जास्त त्रासाची आहे.

सरकारी कागदांचीही हीच तऱ्हा. दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जुन्या नावाचा. आधार कार्ड नव्या नावाचं करायला गेलं की जुना पुरावा मागतात, बँकेत गेलं की आधार आधी बदलून आणायला सांगतात, नोकरीच्या ठिकाणी दाखला आणि आधार जुळत नाही म्हणून अर्ज बाजूला पडतो. नाव बदलल्याचं राजपत्र, प्रतिज्ञापत्र, जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, फोटो, पुन्हा फोटो. खिडकीवरचा प्रत्येक जण सांगतो, ‘‘माझ्याकडे काहीच अडलेलं नाही, तुम्ही आधी ते करून आणा.’’ घरातून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या मुलीकडे यातला पहिला कागदही नसतो, कारण तो तिच्या वडिलांच्या कपाटात असतो.

आणि खुद्द राज्य सरकारनंही हेच केलेलं आपण पाहिलं आहे. २०२२मध्ये महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणानं तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं, तर त्याविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात गेलं. शारीरिक चाचणीचे नियमच ठरलेले नाहीत, भरती सुरू झाली आहे, आता कसं करायचं, असा एकूण सूर. ज्यांनी नियम करायचे तेच नियम नाहीत म्हणून हात वर करत होते, तेही पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाला आठ वर्षं होऊन गेल्यावर. डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कान उपटले, तेव्हा अर्जात पर्याय आला आणि नियमही झाले. म्हणजे करता येत होतं. तमिळनाडूत तर पारलिंगी महिला पोलीस उपनिरीक्षक होण्याचा मार्ग मद्रास उच्च न्यायालयानं २०१५मध्येच मोकळा केला होता.

नोकरी मिळूनही काय होतं ते कोचीनं दाखवलं. २०१७मध्ये कोची मेट्रोनं २३ पारलिंगी व्यक्तींना कामावर घेतलं. देशभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण थोड्याच काळात त्यातल्या आठ जणांनी काम सोडलं. काम झेपत नव्हतं असं नाही. शहरात राहायला जागा मिळेना. जी मिळे तिचं भाडं पगारात बसेना, कारण इतरांना जी खोली साध्या भाड्यात मिळते ती यांना मिळतच नाही, मिळते ती लॉजची, रोजच्या दरानं. केरळनं पारलिंगी व्यक्तींसाठीचं राज्य धोरण २०१५मध्येच, म्हणजे इतर राज्यांच्या आधी, आणलं होतं. कंपनीची इच्छा होती, सरकारची इच्छा होती, काम करणाऱ्यांची तयारी होती, आणि सगळं अडलं ते घरमालकांपाशी. एका बंद दारामुळे बाकीची सगळी उघडी दारं निरुपयोगी होतात, हे या एका घटनेइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

हे लक्षात ठेवून मग लोकलच्या डब्यातला नेहमीचा प्रश्न विचारावा: ‘धडधाकट आहेत, काम का करत नाहीत?’ टाळी वाजली की खिडकीकडे तोंड फिरवणारे सगळे हा प्रश्न मनात विचारतात. प्रश्न वाईट नाही, पण तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. ‘तुम्ही कामावर ठेवाल का?’ हा त्याचा पुढचा भाग डब्यातल्या इतरांना विचारायला हवा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासाठी दिल्ली आणि उत्तर प्रदेशात झालेल्या एका अभ्यासात आईवडिलांसोबत राहणाऱ्या पारलिंगी व्यक्तींचं प्रमाण अवघं दोन टक्के आढळलं होतं. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४ लाख ८८ हजारांच्या आसपास लोकांची नोंद झाली, महाराष्ट्रात जवळजवळ ४१ हजार. त्यांच्यातलं साक्षरतेचं प्रमाण ५६ टक्के होतं, देशाचं ७४ टक्के. ज्यांनी भीतीनं किंवा घरच्यांच्या दबावानं स्त्री-पुरुष याच रकान्यात नोंद केली ते यात धरलेलेच नाहीत. मूल वर्गात चिडवलं जातं, स्वच्छतागृहात जायला घाबरतं, आठवी-नववीत शाळा सुटते, घरात मार बसतो, मग एक दिवस ते घर सोडतं. अशा मुलाला स्टेशनवर पहिला हात देणारी असते ती तृतीयपंथीयांच्या एखाद्या घराण्यातली गुरू. ती जेवायला देते, राहायला जागा देते, नाव देते, आणि पुढे मंगती, म्हणजे टाळी वाजवून पैसे मागणं, किंवा देहविक्रीचा धंदा हाच रस्ता दाखवते, कारण तिलाही कुणी दुसरा दाखवलेला नसतो.

मंगतीत जबरदस्ती होते, लग्नाच्या किंवा नव्या घराच्या वेळी अवाच्या सव्वा पैसे मागून धमकावलं जातं, हे खोटं नाही. ज्यांना हा त्रास झाला त्यांचा राग मी समजू शकते. खंडणी हा गुन्हा आहे आणि करणाऱ्यावर तो दाखल व्हावा, मग तो कुणीही असो. पण आपण खंडणी मागणाऱ्या पुढाऱ्याच्या चेल्यामुळे त्याच्या आडनावाच्या साऱ्यांना खोली नाकारत नाही. इथे मात्र चौघींनी केलेल्या दांडगाईची शिक्षा परिचारिकेचा कोर्स केलेल्या पाचवीला होते.

पारलिंगी पुरुषांचं तर या चर्चेत नावच निघत नाही. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा मुलगा घर सोडून कुठे जाणार? त्याच्यासाठी घराणी नाहीत, गुरू नाही, टाळी नाही. त्याला घरातच कोंडलं जातं, फोन काढून घेतला जातो आणि ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून स्थळं बघितली जातात. त्या लग्नात पुढे त्याच्यावर जे होतं त्याला घरातलं कुणीही अत्याचार म्हणत नाही. तो सिग्नलवर दिसत नाही म्हणून तो नाहीच असं आपण धरून चालतो.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: आपल्या परंपरेत त्यांना मान आहे, शिखंडी आहे, अर्धनारीश्वर आहे, बाळाला त्यांचा आशीर्वाद घेतात. घेतात खरे. पण आशीर्वाद देणारी दारात उभी राहते आणि दारातूनच परत जाते. तिच्या हातून बाळाला ओवाळून घेणारं घर तिला त्याच बाळाच्या बालवाडीत सेविका म्हणून चालवून घेईल का, हे विचारून बघावं. आणि परंपरेत जो काही मान होता त्याला इंग्रजी राजवटीनं कायद्यानं चूड लावली, हेही विसरून चालणार नाही. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याकडे भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात सांगितला जातो, पण त्याचा दुसरा भाग पूर्णपणे हिजड्यांवर होता. उत्तर भारतात त्यांची नावं आणि मालमत्ता पोलिसांच्या नोंदवहीत चढवली गेली. बायकी कपडे घालून किंवा नाचताना सार्वजनिक जागी दिसल्यास वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. लहान मुलाचा पालक होता येत नाही, दत्तक घेता येत नाही, मृत्युपत्र करता येत नाही. म्हणजे कुटुंब करायचं नाही आणि मागे काही ठेवायचंही नाही. हैदराबाद संस्थानातला १९१९चा याच धर्तीचा कायदा तर तेलंगणाच्या कायद्यांच्या पुस्तकात २०२३पर्यंत होता. जुलै २०२३मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. मुलं पळवणारे, फसवणारे, धोकादायक असा जो संशय आज सहज बोलून दाखवला जातो, त्याला कधीकाळी सरकारी शिक्का होता.

आता ज्यांच्या नावानं सगळं नाकारलं जातं त्या लोकांकडे येऊ. त्यांना खरोखर विचारलं गेलं तेव्हा काय झालं? २०१७मध्ये सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं तृतीयपंथी असलेल्या ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट निवडणुकीत सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये पारलिंगी असलेल्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला, तेव्हा निवडणूक अधिकाऱ्यानं तो बाद केला. औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१मध्ये त्यांना ती जागा लढवायला परवानगी दिली, आणि त्या निवडून आल्या. अधिकाऱ्याला चालत नव्हतं, गावाला चाललं. मध्य प्रदेशात सोहागपूरच्या मतदारांनी शबनम मौसी यांना विधानसभेत पाठवलं त्याला तर पाव शतक उलटून गेलं. या गावांमध्ये पूर्वग्रह नाहीत असा माझा दावा नाही. पण रोज दिसणारं, ओळखीचं, गावच्या अडीअडचणीला धावणारं माणूस समोर असलं की लोक मत देतात, एवढं तरी यातून निर्विवाद दिसतं. तेव्हा ‘लोकांना चालणार नाही’ हे बिनपुराव्याचं विधान यापुढे कारण म्हणून मान्य होऊ नये.

कायद्यानं काय केलं? राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ला दिलेल्या नालसा निकालात न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. २०१९ला कायदा आला, त्यानं शिक्षण, नोकरी, आरोग्य, घर अशा सगळ्या बाबतींत भेदभावाला मनाई केली. वाचायला छान आहे. पण घर नाकारणाऱ्या मालकाला त्यात नेमकी शिक्षा काय? गुन्ह्यांच्या यादीत वेठबिगारी आली, सार्वजनिक जागी मज्जाव आला, घरातून किंवा गावातून हाकलणं आलं, मारहाण आणि छळ आला. खोली भाड्यानं न देणं किंवा नोकरीच्या मुलाखतीनंतर ‘कळवतो’ म्हणणं यांना मनाई झाली, पण दंड ठरला नाही. आणि जे गुन्हे ठरले त्यांना शिक्षा ठरली सहा महिने ते दोन वर्षं, त्यात लैंगिक अत्याचारही आला. स्त्रीवर बलात्कार करणाऱ्याला किमान दहा वर्षं आणि पारलिंगी व्यक्तीवर करणाऱ्याला जास्तीत जास्त दोन. जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा जुन्या दंड संहितेतलं ‘अनैसर्गिक’ संबंधांबद्दलचं कलम ३७७ पूर्ण गेलं. संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्येच रद्द केला होता, त्याबद्दल आनंदच आहे. पण बळजबरीच्या गुन्ह्यासाठी त्याच कलमाचा उरलेला आधारही संहितेनं ठेवला नाही आणि बलात्काराची व्याख्या पीडित स्त्री असेल तरच लागू होईल अशीच राहिली. एखाद्या माणसाच्या शरीराची किंमत कायदा इतकी कमी लावतो, तेव्हा पोलीस ठाण्यातला हवालदार तक्रार हसण्यावारी नेतो यात नवल नाही.

महिलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा काही जण कळकळीनं मांडतात. स्वच्छतागृह, वसतिगृह, लोकलचा महिला डबा. स्त्री म्हणून या जागांची गरज काय असते हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण या जागांमध्ये आपल्याला भीती वाटते ती घुसखोरी करणाऱ्या पुरुषाची. त्याला आत यायला प्रमाणपत्र, नाव बदलल्याचं राजपत्र आणि घरच्यांनी टाकलेलं आयुष्य लागत नाही, तो तसाच येतो. त्याच्या अपराधासाठी जिला स्वतःला त्याच पुरुषांची भीती असते तिला बाहेर ठेवायचं, हे सुरक्षेचं उत्तर नाही. कडीकोयंडा नीट असलेली स्वच्छतागृहं, उजेड, रात्रीचा पहारा यांनी सगळ्याच जणी सुरक्षित होतात.

राहता राहिला आरक्षणाचा प्रश्न, ज्यावर बोलायला कुणीच उत्सुक नसतं. पारलिंगी व्यक्तींना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्या, असं नालसा निकालानं स्पष्ट सांगितलं होतं. हे सरळ मागासवर्गाच्या यादीत नाव घालून भागत नाही. दलित घरातली पारलिंगी मुलगी त्या यादीत गेली तर तिनं जातीचं आरक्षण सोडायचं की हे? दोन्हींकडून मार खाल्लेल्या मुलीला एकच निवडायला लावणं अन्यायाचं आहे. म्हणून समांतर आरक्षण हवं, म्हणजे खुला, ओबीसी, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत थोड्या जागा, जशा महिलांसाठी आणि अपंगांसाठी असतात. कर्नाटकनं २०२१मध्ये सरकारी नोकऱ्यांत असं एक टक्का समांतर आरक्षण दिलं. फुले, शाहू, आंबेडकरांचं नाव घेऊन सुरू होणारी आपली भाषणं पाहता महाराष्ट्र यात पहिला असायला हवा होता.

या मागणीसोबत मला आणखी दोन गोष्टी हव्या आहेत. घर, नोकरी, उपचार किंवा शाळाप्रवेश नाकारणाऱ्याला लेखी कारण देणं बंधनकारक असावं, आणि ‘इतरांची हरकत’ हे कारण कायद्यानं अग्राह्य ठरावं. ज्याला खरंच चालत नाही त्यानं ते आपल्या सहीनिशी लिहून द्यावं. दुसरी गोष्ट, जिल्ह्याच्या ठिकाणी या तक्रारी ऐकणारा एक अधिकारी असावा, ज्याला ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा लागेल आणि दंड लावता येईल. आज तक्रार करायला निघालेली बाई समाजकल्याणकडून पोलिसांकडे, पोलिसांकडून जिल्हाधिकारी कचेरीत आणि तिथून परत समाजकल्याणकडे पाठवली जाते, आणि या फेऱ्यांत तिचा रोजगार बुडतो तो वेगळाच.